सक्तीचा रकाना

१

सकाळी साडेसातला कचेरीत पोचायचं, केळीच्या पानात बांधलेला भात टेबलावर ठेवायचा, पंखा लावायचा आणि आधी सर्व्हरचा रोजचा अहवाल उघडायचा, ही वार्तिनीची अकरा वर्षांची सवय. जावातल्या मगेलांग शहराच्या त्या तंत्रशिक्षण संस्थेत कोण आहे आणि कोण नाही, हे तिच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय ठरत नसे. कुणी संगणकापुढे बसून पासवर्ड टाकला, ग्रंथालयात पुस्तक मागितलं, हजेरीच्या यंत्राला कार्ड लावलं, की ते यंत्र गुपचूप सर्व्हरला विचारी, या नावाचं कुणी आहे का? सर्व्हर हो म्हणाला तरच पुढचं काम होई. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं असं फुकटचं सॉफ्टवेअर होतं ते. वार्तिनीला त्याचा अभिमान होता, आणि एका बाबतीत त्याचा भयंकर राग होता.

राग होता आडनावाच्या रकान्याचा. जावातल्या कितीतरी माणसांना एकच नाव असतं. वार्तिनी म्हणजे वार्तिनी. पुढे काही नाही, मागे काही नाही, आणि अडतही काही नाही. पण या सॉफ्टवेअरला तो रकाना रिकामा चालत नाही. कुठल्या तरी थंड देशात, आडनावं असलेल्या चार माणसांनी कधीकाळी बसून ठरवलं की माणूस म्हटला की आडनाव असणारच. जावात येऊन विचारायची तसदी कुणी घेतली नाही. मग वार्तिनीच्या आधी हे काम सांभाळणाऱ्या पाक तुकिमिननी (तिकडे पुरुषाला आदराने पाक म्हणतात, बाईला बू) संस्थेतल्या एकनावी माणसांच्या त्या रकान्यात सरसकट एकच शब्द भरून टाकला होता, सोमोरेजो. कुठून आणला कोण जाणे. अशी एकशे तेरा माणसं होती, वार्तिनी धरून. रकाना अनेक वर्षं कुणाला दिसत नव्हता, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

त्या मंगळवारी अहवालात एकशे चौदा आकडा होता.

तिने जास्तीची नोंद शोधून काढली. नाव, सोमोरेजो. आडनावाचा रकाना रिकामा.

वार्तिनीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिने स्वतः एक खोटी नोंद करून पाहिली, आडनाव न भरता. सर्व्हरने नेहमीच्या कोरड्या भाषेत ती फेटाळली. म्हणजे नियम होता तिथेच होता, फक्त या एका माणसाला लागू नव्हता. तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी संताप आला. एकशे तेरा माणसांना जी सवलत मिळाली नाही, ती या कोण सोम्यागोम्याला कुणी दिली?

२

संतापाला ताजं कारणही होतं. संगणक विभागाचे प्रमुख पाक हेर्लंबांग नोतोप्रोजो यांनी महिन्यापूर्वी सगळ्यांना नवी ओळखपत्रं द्यायचं काढलं, आणि त्यावरचं पूर्ण नाव थेट सर्व्हरमधून उचललं. वार्तिनीने तेव्हाच त्यांच्या खोलीत जाऊन भांडण केलं होतं.

“बू वार्तिनी, कार्डावर एक शब्द जास्त आला तर कुणाचं काय जातं?” ते म्हणाले.

“तुमचं काय जाणार, पाक? तुमचं आडनाव तुम्हालाच मिळालंय. आमच्या गळ्यात भलत्याच माणसाला बांधताय.”

“भलत्याला काय, बाई! रकाना आहे तो. भरायचा असतो, भरला.”

“मग माझा रिकामा छापा.”

“सर्व्हर सोडतो का रिकामा? सर्व्हर तुमचाच आहे. त्याला दटावा, मला कशाला?”

हे खरं होतं, म्हणून ती आणखी चिडली. तिचा बाप गियार्तो भातगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. तिच्या जन्माची नोंद करायला गेला तेव्हा कारकुनाने आणखी एखादं नाव जोडा म्हणून सुचवलं, तर तो म्हणाला होता, पोर एक, नाव एक, दोनदा हाक मारायला मला सवड नाही. गियार्तोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. या गोष्टीवर मात्र आई अजून हसायची. त्या माणसाने विचार करून जी जागा मोकळी ठेवली, तिथे कुणीही यावं आणि बसावं, हे वार्तिनीला सहन होत नव्हतं. तिने आपलं कार्ड खणात पालथं टाकलं आणि हजेरीसाठी तेवढं बाहेर काढू लागली.

बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. माळी पाक बेजो तर कार्ड गळ्यात घालून दारातच उभा राहिला होता.

“बू, आता आपण भाऊबहीण झालो की हो! ईदला मला नवा सदरा पाठवा बरं का.”

३

तिने ती नोंद काढून टाकली. बुधवारी ती परत आली होती.

यात गूढ काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. सर्व्हर दोन होते. एक तिच्या खोलीला लागून असलेल्या बी-सातमध्ये, दुसरा कार्यशाळेच्या इमारतीत, आणि दोघं एकमेकांची नक्कल ठेवत. इथे खोडलेलं तिकडून परत येऊ शकतं. तिने दोन्ही थांबवले, दोन्हीकडून नोंद काढली, मग पुन्हा चालू केले. मुख्य पासवर्ड बदलला. एकशे तेरा रकान्यांमधलं सोमोरेजो काढून तिथे नुसती आडवी रेघ मारली. रकाना भरला म्हणजे सर्व्हर गप्प बसतो, त्याला रेघही चालते. जेवण सोडून हे सगळं केलं आणि तिला फार बरं वाटलं.

गुरुवारी रेघ एकाही रकान्यात नव्हती. सगळीकडे सोमोरेजो परतला होता, आणि एकशे चौदाव्या नोंदीत भर पडली होती. खोली क्रमांक, बी-सात. नोंद कुणी केली ते रिकामं. नोंद केल्याची तारीख मात्र होती, आणि ती सर्व्हर बसवला त्याच्या आधीची होती.

घड्याळ बिघडलं असणार, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण खोलीत कुणी नव्हतं.

मग ती बी-सातमध्ये घड्याळ बघायला गेली. घड्याळ बरोबर होतं. ती लहानशी, थंडगार, बिनखिडकीची खोली. एक कपाट सर्व्हरचं, एक टेबल, एक खुर्ची. वातानुकूलन यंत्राची घरघर चालू होती आणि त्या घरघरीच्या मागे लाकूड फरशीवर पडल्यासारखा आवाज येत होता. टक. जरा थांबून, टक. यंत्राची झडप सैल झाली असेल म्हणून तिने कागदाची घडी करून तिच्यात खोचली. आवाज थांबला. ती खोलीतून बाहेर आली, दार लावलं, आणि तोच आवाज तिला दाराच्या आतून ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाने लाकडी चपला घालून चार पावलं टाकावीत तितकाच, आणि मग खुर्ची ओढल्याचा.

चौघांत हे सांगितलं असतं तर हसले असते. तिने कुणालाच सांगितलं नाही.

४

पुढच्या सोमवारी पाक बेजो तिच्या खिडकीखालच्या झाडांना पाणी घालत होता. ती सहज म्हणाली, “काय, भाऊराय, जुळलं का नव्या आडनावाशी?”

“नवं कुठलं, बू? बापाचंच की.”

ती हसली. तो हसला नाही.

“परवा घराची आठवण आली बघा,” तो झारी खाली ठेवून म्हणाला. “फणसाचं झाड, निळ्या कठड्याची विहीर. संध्याकाळी बापाच्या लाकडी चपला वाजायला लागल्या की आम्ही पोरं चिडीचूप. मारायचा नाही हो कधी. नुसता येऊन बसायचा.”

“पाक बेजो, पुरे झाली थट्टा. तुमचे वडील पाक तार्मो. याच बागेत राबले. मी आले होते मातीला. तुम्ही केवढे रडला होता.”

बेजोने आठवून बघितलं. खरंच प्रामाणिकपणे आठवून बघितलं, तेच तिला बघवेना.

“तार्मो होय,” तो म्हणाला. “माझ्या आधी माळी होता. भला माणूस. त्याला मूलबाळ नव्हतं वाटतं?”

वार्तिनीच्या अंगावर काटा आला. मग तिला पाक तार्मोचे मातीने भेगाळलेले हात आठवले, या पोराला नोकरी लागावी म्हणून प्रत्येक खोलीत जाऊन केलेली विनवणी आठवली, आणि काट्यापेक्षा राग मोठा झाला. माणूस उभा जन्म राबला आणि त्याच्या पोराला त्याचं नाव आठवू नये?

जेवणाच्या सुट्टीत ती ग्रंथालयातल्या बू लास्मीकडे गेली. लास्मी तिची जुनी मैत्रीण, शब्दाची पक्की.

“लास्मी, तुझ्या वडिलांचं नाव काय गं?”

“हे काय मधेच?” लास्मी पुस्तकांवर शिक्के मारत म्हणाली. मग तिचा हात थांबला. ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं, का आलं ते तिलाही कळलं नसावं. बऱ्याच वेळाने ती शांत झाली आणि म्हणाली, “सोमोरेजो. आमच्याकडे निळी विहीर होती, तुला सांगितलंय ना मी?”

तिने कधीच सांगितलं नव्हतं.

५

पाक तुकिमिन निवृत्त होऊन वोनोगिरीला शेती बघत होते. वार्तिनीने त्यांना फोन लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“पाक, ते सोमोरेजो तुम्ही कुठून आणलंत?”

“कुठलं सोमोरेजो?”

“आडनावाच्या रकान्यात भरलंत ते. एकशे तेरा जणांच्या.”

“बाई, मी कशाला कुणाला आडनाव देऊ? मला स्वतःला नाही! मी नुसती रेघ मारली होती. एकेक आडवी रेघ. सर्व्हरला तेवढी पुरते.”

“पाक, आठवून सांगा. मी आले तेव्हा सोमोरेजोच होतं. मला वाटलं, तुम्हीच.”

“आणि मला वाटलं असतं की तुम्ही.” त्यांनी आवाज खाली आणला. “एक विचारू? बी-सातमध्ये खुर्ची आहे का अजून?”

“आहे.”

“मी ती तीनदा बाहेर काढून ठेवली होती,” ते म्हणाले. “उभ्यानेच काम करायचो. तुम्हीही जास्त बसू नका.”

आणखी काही विचारायच्या आत त्यांनी कोंबड्यांचं निमित्त काढून फोन ठेवला. अकरा वर्षं हे एका शब्दाने बोलले नाहीत याचीही तिला चीड आली. आपण उठून चालते झाले आणि खुर्चीसकट खोली माझ्या हवाली केली!

६

पण वार्तिनी हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. आस्थापना विभागात जुने कागद अजून होते, नोकरीला लागताना प्रत्येकाने हाताने भरलेले अर्ज. मंगळवार आणि बुधवार ती त्या धुळीत बसली. कागदावर सगळं जागेवर होतं. बेजो, वडिलांचं नाव तार्मो. लास्मी, वडिलांचं नाव सुरादी. एकशे बारा माणसं, एकशे बारा बाप, कुणी गवंडी, कुणी भातशेतीचा मजूर, कुणी शाळेतला शिपाई. तिने ती सगळी नावं एका वहीत उतरवली. रकाना भरायचाच आहे ना, तर ज्याच्या त्याच्या बापाच्या नावाने भरू. स्वतःचा अर्ज काढायचा ती विसरली नव्हती, तिने तो काढला नाही. आपल्या बापाचं नाव लिहायला कागद कशाला?

वही घेऊन ती पाक हेर्लंबांगांकडे गेली.

“हे बघा, बू,” ते वही न उघडताच म्हणाले. “काल मी चारपाच जणांना बोलावून विचारलं. सगळे म्हणाले, कार्डावरचं नाव बरोबर आहे, वडिलांचंच आहे. तक्रार तुमची एकटीची.”

“सगळ्यांचा बाप एकच कसा असेल, पाक? एवढं तरी विचारलंत का?”

“कुणाच्या घरातलं मी कसं विचारू?”

“मग कागद बघा! त्यांच्याच हातचं अक्षर आहे!”

“कागदावर कारकून काहीही लिहून घेतात. जिवंत माणूस समोर उभा राहून सांगतोय, तर मी कागद खरा मानू?”

“उद्या तुमच्या पोरांनी असंच सांगितलं तर?”

“आमच्याकडे आडनाव आहे,” पाक हेर्लंबांग म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच एवढंच सुचलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

तिने परवानगी मागायची नाही असं ठरवलं. त्या रात्री आईला फोन करून ती इकडचं तिकडचं बोलली. फोन ठेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि आई हसून म्हणाली, “तुझा बाप? गियार्तो. दोनदा हाक मारायला सवड नाही म्हणायचा.” वार्तिनी उशीत तोंड खुपसून रडली आणि मग गाढ झोपली.

७

शुक्रवारी दुपारी पुरुष नमाजाला गेले, बायका उपाहारगृहात सोतोचं सूप प्यायला गेल्या, आणि इमारत रिकामी झाली. बाहेर मशिदीच्या भोंग्यावर प्रवचन चाललं होतं. वार्तिनी शुक्रवारचा बातिक सदरा घालून, वही काखेत मारून बी-सातमध्ये शिरली. दार उघडं राहावं म्हणून टेकण लावायला तिने खुर्ची ओढली, आणि तिच्या लाकडाला ऊब होती. आता आता कुणी उठून गेल्यासारखी.

तरी ती दाराला लावून वार्तिनी उभ्यानेच कामाला लागली. बेजो, तार्मो. लास्मी, सुरादी. प्रत्येक नाव ती मोठ्याने वाचायची, भरायची आणि जतन करायची. पहिल्या तीसचाळीस नावांपर्यंत आवाज आला नाही. मग दाराबाहेर, लांब, पॅसेजच्या टोकाला तो सुरू झाला. टक. थांबून, टक. तिने वाचायचा आवाज चढवला. साठाव्या नावाला तो दारापाशी होता. नव्वदाव्याला भोंग्यावरचं प्रवचन कधी संपलं ते तिला कळलं नाही, फक्त आता यंत्राची घरघरही ऐकू येत नव्हती. उभं राहून तिची कंबर भरून आली होती. तिने दाराची खुर्ची ओढून घेतली आणि बसली. दार आपल्या वजनाने लागलं.

“कुणाच्याही जागी बसायचं, आणि वर लोकांनी बाप म्हणायचं,” ती पडद्याकडे बघत, दातओठ खाऊन म्हणाली. “लाज नाही वाटत?”

एकशे बारावं नाव भरून झालं, तेव्हा तिला टेबलाखाली, आपल्या पावलांशेजारी, आणखी दोन पावलं दिसली. लाकडी चपला, झिजून एका बाजूला कललेल्या. घोट्यावर तपकिरी लुंगीची किनार. नखं नीट कापलेली. तिने मान वर केली नाही, करवली नाही. लवंगेच्या सिगारेटचा वास आला. कुणी तरी अगदी घरगुती खोकलं, कामात असलेल्या मुलीला त्रास नको म्हणून हळूच खोकावं तसं.

आता तिची एकटीची नोंद उरली होती. तिने ती उघडली. नाव, वार्तिनी. आडनाव, सोमोरेजो. तिने तो शब्द पुसला आणि एका दमात, बोटांना पाठ असलेलं नाव टाइप केलं. जतन केलं. सर्व्हरने विनातक्रार स्वीकारलं. झालं! तिने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच वेळी एक खरखरीत, उबदार हात तिच्या डोक्यावर टेकला.

“न्दुक,” म्हाताऱ्याने म्हटलं. पोरी. जावातला कुठलाही म्हातारा म्हणतो तसं.

तिचे खांदे सैल पडले. किती वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं. खोलीत आता फणस पिकल्याचा वास होता. तिने डोळे पुसले, चष्मा सरळ केला आणि झालेलं काम एकदा बघून घ्यावं म्हणून पडद्यावर वाचलं.

वार्तिनी गियार्तो.

तिने पुन्हा वाचलं. हा गियार्तो कोण?

तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या बापांसाठी भांडत होती, आणि इथे तिच्याच नावापुढे कुणी तरी भलत्याच माणसाला आणून बसवलं होतं! कुणाची ही हिंमत? जन्मभर कष्ट करून, निळ्या विहिरीचं पाणी शेंदून ज्याने तिला वाढवलं, त्याच्या जागी हा कुठला कोण गियार्तो? शेजारी तो बिचारा काही न बोलता उभा होता. कधी काही बोलायचाच नाही. तिने ते नाव एकेक अक्षर करून खोडलं आणि योग्य ते भरलं.

मग तिने वरच्या एकशे बारा नोंदी तपासायला घेतल्या. त्याही सगळ्या चुकलेल्या होत्या.